चाचणीपट्टीवरची सोन्याची रेघ

पाळी चुकली की पूर्वीसारखे महिना-दीड महिना अंदाज बांधत बसण्याची गरज आता उरलेली नाही. तालुक्याच्या गावी कोणत्याही औषधाच्या दुकानात गर्भचाचणीची पट्टी मिळते. आशाताईंकडेही ‘निश्चय’ नावाचे किट असते. लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटे थांबायचे आणि किती रेघा उमटल्या ते पाहायचे. एक रेघ म्हणजे नाही, दोन रेघा म्हणजे आहे. काम इतके सोपे वाटते की सोबतचा सूचनांचा कागद सहसा कोणी उलगडूनही पाहत नाही.

घोटाळे तिथूनच सुरू होतात. दुसरी रेघ अगदी फिकट आली, ती धरायची की सोडायची? सकाळी एक रेघ होती, दुपारी कचऱ्यातून काढून पाहिली तर दोन दिसल्या, मग खरे काय? पट्टीने ‘नाही’ सांगितले म्हणून निर्धास्त राहिलेल्या बाईला पंधरा दिवसांनी ओटीपोटात कळ येऊन चक्कर कशी आली? आणि रेघ गडद आली म्हणजे मुलगा, हे शेजारच्या काकूंनी कशावरून ठरवले?

या प्रश्नांची उत्तरे नीट समजायची तर ती रेघ मुळात कशाची असते हे माहीत हवे. वाचकांना आश्चर्य वाटेल, पण बहुतेक पट्ट्यांवरची ती लालसर गुलाबी रेघ शाईची नसते की कापड रंगवायच्या रंगाची नसते. ती सोन्याची असते. खऱ्या सोन्याची. (काही कंपन्यांच्या पट्ट्यांवर निळी रेघ येते, ती मात्र रंगीत प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांची.) पट्ट्या गोळा करून सोनाराकडे नेण्याचा विचार कोणाच्या मनात आला असेल तर तो सोडून द्यावा, एका पट्टीतले सोने गुंजेच्या हिशेबात बसणारच नाही इतके थोडे असते.

पण त्या सोन्याचे मोल त्याच्या वजनात नाही. सोन्याच्या प्रत्येक कणाभोवती जिवंत प्राण्यांच्या शरीरात तयार होतात तशा रेणूंचा एक पातळ थर असतो आणि पट्टीची सगळी अक्कल त्या थरात असते. हा थर कोणी ब्रशाने लावत नाही. रेणू आपण होऊन धातूवर येऊन बसतात. पट्टी खरे बोलते ती या थराच्या बळावर, आणि खोटे बोलते तेव्हाही पुष्कळदा दोष या थराकडे किंवा त्याला दिलेल्या वागणुकीकडे असतो.

सोने लाल कसे?

सोने पिवळे असते हे शेंबडे पोरही सांगेल. मग रेघ लाल का? कारण सोन्याचे अतिशय बारीक कण पाण्यात तरंगत ठेवले की त्यांचा रंग बदलतो. विजेच्या शोधांमुळे प्रसिद्ध असलेले मायकेल फॅरडे यांनी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये असे लाल सोनेरी पाणी तयार केले आणि १८५७ साली त्याविषयी व्याख्यान दिले. त्यांनी स्वतः बनवलेल्या पाण्याच्या काही कुप्या त्या संस्थेत अजून जपून ठेवलेल्या आहेत. आजच्या पट्टीत जे कण वापरतात ते साधारण ४० नॅनोमीटर आकाराचे असतात. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. एवढे लहान कण प्रकाशातला हिरवा भाग शोषून घेतात आणि आपल्या डोळ्यांना लाल दिसतात. तेच कण एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले की पाणी निळे-जांभळे होते आणि शेवटी तळाशी काळपट गाळ बसतो.

फॅरडे यांच्या एका निरीक्षणाकडे खास लक्ष द्यायला हवे. लाल पाण्यात चिमूटभर मीठ टाकले की ते निळे पडते, पण आधी थोडे जिलेटिन घातले तर मीठ टाकूनही लाली टिकून राहते. याचा अर्थ उघड आहे. जिलेटिन हे प्रथिन आहे. ते सोन्याच्या कणाभोवती जाऊन बसते आणि एका कणाला दुसऱ्यापासून दूर ठेवते. लाडू वळताना हाताला तूप लावतात, तसा हा प्रकार म्हणायचा.

पुढे रिशार्ड झिगमोंडी यांनी १९०१ साली याच गुणाचे माप काढले. कोणते प्रथिन सोन्याला मिठापासून किती वाचवते यावरून त्यांनी प्रथिनांचे आकडे बसवले. त्यांना १९२५ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकाने यातून लगेच आपला फायदा करून घेतला. १९१२ साली बर्लिनचे डॉक्टर कार्ल लांगे यांनी उपदंशाच्या रोग्यांच्या पाठीच्या मणक्यातले पाणी सोन्याच्या लाल पाण्यात मिसळून पाहिले. रोग मेंदूपर्यंत पोचलेला असेल तर त्या पाण्यातली प्रथिने बदललेली असतात, सोन्यावरचे संरक्षण बिघडते आणि रंग पालटतो. पेनिसिलीन येईपर्यंत आणि त्यानंतरही काही वर्षे ही तपासणी मोठ्या इस्पितळांत होत असे. म्हणजे सोन्याच्या कणाला रोगाचा साक्षीदार करण्याची कल्पना आपल्या पणजोबांच्या काळातली आहे.

आपण होऊन बसणारा थर

आता त्या थराकडे वळू. तुपातेलाची भांडी घासताना पाण्यावर तेलाचा तवंग पसरतो, हे घरातल्या प्रत्येक बाईने पाहिलेले असते. जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग गावी अॅग्नेस पॉकेल्स नावाची तरुणी घरी राहून आजारी आईवडिलांची सेवा करत असे. मुलींना विद्यापीठाची दारे तेव्हा तिथे उघडी नव्हती. तिने स्वयंपाकघरातच पत्र्याचे पसरट भांडे घेऊन पाण्यावरचा तवंग मापायला सुरुवात केली आणि १८९१ साली आपले निष्कर्ष इंग्लंडच्या लॉर्ड रॅले यांना कळवले. रॅले यांनी मोठ्या मनाने ते पत्र ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आणले. अमेरिकेच्या आयर्विंग लँगम्युअर यांनी तिच्याच पद्धतीचे भांडे सुधारून १९१७ साली दाखवून दिले की असा तवंग केवळ एका रेणूच्या जाडीचा असू शकतो. रेणूचे एक टोक पाण्यात बुडालेले, दुसरे वर हवेत, आणि सगळे रेणू शाळेतल्या प्रार्थनेच्या रांगेसारखे शेजारी शेजारी उभे. लँगम्युअर यांना १९३२ साली नोबेल मिळाले. पॉकेल्सबाईंचे नाव मात्र पाठ्यपुस्तकांत आजही शोधावे लागते.

पाण्यावर घडते ते धातूवरही घडते. १९४६ साली वॉशिंग्टनच्या नौदल प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्लॅटिनम धातू लांब रेणूंच्या द्रावणात बुडवून बाहेर काढला, तर त्याला तेलसुद्धा चिकटेना. धातूवर एका रेणूचा थर आपोआप बसला होता. त्यानंतर बराच काळ या गोष्टीकडे फारसे कोणी वळले नाही. १९८३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या राल्फ नूझो आणि डेव्हिड अलारा यांनी सोन्यावर गंधकाचे टोक असलेले रेणू वापरले आणि थर विलक्षण घट्ट व नीटनेटका बसला. पुढे हार्वर्ड विद्यापीठाचे जॉर्ज व्हाइटसाइड्स यांनी या कामाचा मोठा विस्तार केला.

गंधकच का? चांदीची पैंजणे काळी पडतात ती हवेतल्या गंधकाच्या वायूमुळे, हे पुष्कळांना माहीत असेल. सोने असे काळे पडत नाही, म्हणून तर ते पिढ्यान्‌पिढ्या टिकते. पण गंधकाचे टोक असलेला रेणू भेटला की सोनेही त्याचा हात सोडत नाही. सोन्याचा स्वच्छ पत्रा अशा द्रावणात बुडवला की काही मिनिटांत पृष्ठभाग जवळजवळ भरून जातो. मग कित्येक तास रेणू सरकत सरकत आपापल्या जागा नीट करतात, एस.टी.त गर्दी झाली की उभे प्रवासी हळूहळू सरकून जागा करून देतात तसे. तयार झालेला थर दोन-तीन नॅनोमीटर जाडीचा. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत असे तीसएक हजार थर मावतील.

पितळेच्या भांड्याला कल्हई करतात तीही मुलाम्याचीच गोष्ट. पण तिथे धातूवर दुसऱ्या धातूचा थर चढतो आणि त्यासाठी कल्हईवाल्याला भाता, नवसागर आणि कापसाचा बोळा लागतो. इथे भट्टी नाही आणि कारागीरही नाही. शिवाय कल्हईचे काम अन्नाला पितळेपासून दूर ठेवणे एवढेच. रेणूंच्या थराचे वरचे टोक कसे असावे हे मात्र रसायनशास्त्रज्ञ आपल्या मर्जीने ठरवू शकतो. एक टोक पाण्याला जवळ करणारे, एक पाण्याला झटकून टाकणारे, एक रक्तातल्या प्रथिनांना अजिबात चिकटू न देणारे. शेवटच्या प्रकारचा थर व्हाइटसाइड्स यांच्या प्रयोगशाळेने १९९१ साली करून दाखवला. रक्तात रोगाची खूण शोधणाऱ्या सोन्याच्या चकत्यांना असे थर फार उपयोगी पडतात, कारण नको ती प्रथिने चिकटली की खरी खूण त्यांच्याखाली झाकली जाते.

पट्टीच्या आत काय घडते?

गर्भ गर्भाशयात रुजला की आईच्या शरीरात एचसीजी नावाचे संप्रेरक तयार होऊ लागते आणि लघवीत उतरते. ते ओळखण्यासाठी एके काळी प्राणी वापरत. १९२७ च्या सुमारास बर्लिनमध्ये आशहाइम आणि झोंडेक यांनी बाईची लघवी उंदराच्या पिलांना टोचून त्यांच्या अंडाशयातले बदल पाहण्याची पद्धत काढली. नंतर सशावर आणि दक्षिण आफ्रिकेतल्या एका बेडकीवर चाचणी होऊ लागली. लघवी टोचल्यावर बेडकीने एका दिवसात अंडी घातली तर बाई गरोदर!

आता बेडकीचे काम प्रतिपिंडे करतात. प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी. ही इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची प्रथिने असून प्रत्येक जात फक्त आपल्या ओळखीचा रेणू पकडते. १९७१ साली फॉक आणि टेलर या संशोधकांनी सोन्याच्या कणांवर प्रतिपिंडांचा थर बसवला आणि १९८० च्या सुमारास हॉलंडच्या ऑर्गेनॉन कंपनीत लोइव्हरिंग यांनी असे कण लघवीतले एचसीजी ओळखण्यासाठी वापरले. सोन्याच्या ताज्या कणांवर आधी लिंबातल्या आम्लाच्या क्षाराचा नाजूक थर असतो. प्रतिपिंडे आली की ती त्याला बाजूला सारून स्वतः बसतात. त्यांच्यात गंधक असतेच. त्याखेरीज विजेचे आकर्षण आणि पाण्यापासून दूर पळण्याची ओढही उपयोगी पडते. हा थर नूझो-अलारांच्या थरासारखा रांगेत उभा नसतो, हेही सांगितले पाहिजे. काही प्रतिपिंडे हात वर करून असतात, काही आडवी पडलेली, काहींचे हात सोन्याकडेच वळलेले. जी सरळ बसली तीच कामाची. उरलेल्या रिकाम्या जागा दुसऱ्या निरुपद्रवी प्रथिनाने बुजवतात, आणि मग लघवीतल्या मिठानेही कणांचे गठ्ठे होत नाहीत. फॅरडे यांचे जिलेटिन ते हेच.

हे सोने पट्टीच्या सुरुवातीला वाळवून ठेवलेले असते. थेंब पडले की ते भिजते, सुटते आणि टिपकागदावर शाई चढावी तसे लघवीबरोबर पुढे सरकते. वाटेत एचसीजी भेटले तर सोन्यावरची प्रतिपिंडे त्याला धरतात. पुढे ‘टी’ या खुणेशी दुसरी प्रतिपिंडे पट्टीवर पक्की रोवलेली असतात. ती त्याच एचसीजीला दुसऱ्या बाजूने पकडतात. एचसीजीच्या साखळीने सोने तिथे अडकते, लाखो कण साचतात आणि लाल रेघ दिसते. एचसीजी नसेल तर सोने न थांबता पुढे जाते. त्यापुढे ‘सी’ या खुणेशी सोन्यावरच्या प्रतिपिंडांनाच पकडणारी प्रतिपिंडे असतात. तिथे सोने प्रत्येक वेळी अडकायलाच हवे. म्हणून ‘सी’ ची रेघ आली नाही तर पट्टी बाद. ‘टी’ वर रेघ दिसली तरी बाद.

फिकट रेघ, उशिराची रेघ, न आलेली रेघ

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे येऊ. ठरलेल्या वेळात ‘टी’ वर फिकट का होईना लालसर रेघ आली तर ती ‘आहे’ अशीच धरावी. फिकट रेघेचा अर्थ अडकलेले सोने थोडे, म्हणजे एचसीजी थोडे. अगदी सुरुवातीचे दिवस असतील तर असे होणारच. निरोगी गर्भारपणाच्या पहिल्या आठवड्यांत एचसीजी साधारण दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. म्हणून दोन-तीन दिवसांनी नव्या पट्टीवर सकाळची पहिली लघवी वापरून पुन्हा पाहावे. रेघ गडद झाली तर उत्तम. तशीच फिकट राहिली किंवा नाहीशी झाली तर डॉक्टरकडे जावे.

गडद-फिकटाचा मुलगा-मुलीशी काडीचाही संबंध नाही. त्या सोन्याला फक्त एचसीजी ओळखता येते. आणि लिंग सांगण्याचा दावा कोणी करत असेल तर १९९४ च्या कायद्याने तो गुन्हा आहे, हे काकूंनाही सांगून ठेवावे.

तासाभराने उमटलेली रेघ मोजू नये. पट्टी वाळू लागली की सैल राहिलेले सोने जागच्या जागी थिजते किंवा ओलाव्याची करडी सावली उरते. वेष्टणावर लिहिलेल्या वेळेत, बहुधा पाच ते दहा मिनिटांत, काय दिसले तेवढेच खरे. शंका असेल तर कचरापेटी धुंडाळण्याऐवजी दुसरी पट्टी आणावी.

‘नाही’ या उत्तराबाबत मात्र मी वाचक भगिनींना जास्त सावध करीन. बाजारातल्या पुष्कळ पट्ट्या एका मिलिलिटरमध्ये २५ मिलियुनिट एचसीजी असेल तर ओळखतात. पाळी चुकायच्या आधीच चाचणी केली, भरपूर पाणी पिऊन पातळ लघवी वापरली, तर तेवढे एचसीजी मिळतच नाही. पाळी आली नाही तर आठवड्याने चाचणी पुन्हा करावी.

उलट एचसीजी फार झाले तरी पट्टी फसते, हे डॉक्टरांच्याही कधी कधी ध्यानात येत नाही. एचसीजीचा पूरच आला की सोन्यावरचे सगळे हात एकेका रेणूने भरतात आणि ‘टी’ वर रोवलेले हातही दुसऱ्याच रेणूंनी भरतात. दोन्हींना जोडणारा सामाईक रेणू उरत नाही, सोने अडकत नाही आणि पट्टी म्हणते ‘नाही’. द्राक्षगर्भ नावाच्या विकारात एचसीजी अतोनात वाढते, तिथे असे घडते. दोन-तीन महिने झालेल्या साध्या गर्भारपणातही क्वचित काही पट्ट्या चुकतात. म्हणून दोन महिने पाळी नाही, मळमळ आहे, पण पट्टी ‘नाही’ म्हणते, अशा वेळी पट्टीवर विसंबू नये. सोनोग्राफी करून घ्यावी.

सर्वांत धोक्याची गोष्ट नळीतल्या गर्भाची. शंभर गर्भारपणांत एखाद-दोन वेळा गर्भ गर्भाशयात न रुजता गर्भनलिकेत रुजतो. एचसीजी तयार होते, पण बहुधा कमी. पट्टी फिकट ‘आहे’ दाखवते, कधी ‘नाही’. गर्भ कुठे आहे हे सोन्याला कळणे शक्य नाही. नळी फुटली तर पोटात रक्तस्राव होऊन तासाभरात जिवावर बेतते. पाळी चुकलेली असताना ओटीपोटात एका बाजूला दुखणे, थोडा थोडा रक्तस्राव, खांद्याच्या टोकाशी दुखणे, घेरी येणे यांपैकी काहीही झाले तर पट्टीने काहीही सांगितलेले असो, त्याच क्षणी इस्पितळ गाठावे. सकाळपर्यंत थांबू नये.

दोन रेघा पाहून दुकानातून परस्पर गर्भपाताच्या गोळ्या आणणाऱ्या घरांनी हे पुन्हा वाचावे. त्या गोळ्या नळीतला गर्भ काढत नाहीत. उलट गोळ्यांमुळे रक्त जातेच आहे असे समजून नळी फुटल्याची खूण अंगावर काढली जाते. १९७१ च्या कायद्यानुसार, आणि त्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर, कायद्यात सांगितलेल्या कारणांसाठी २० आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मताने गर्भपात करून घेता येतो. सज्ञान बाईला त्यासाठी नवऱ्याची सही लागत नाही आणि तिचे नाव गुप्त ठेवणे डॉक्टरला बंधनकारक आहे. मग लपूनछपून जीव धोक्यात घालण्याचे कारण काय?

गर्भपातानंतर किंवा गर्भ पडल्यानंतर एचसीजी अंगातून उतरायला काही आठवडे लागतात. त्या काळात पट्टी ‘आहे’ म्हणत राहिली तर घाबरून पुन्हा गोळ्या घेऊ नयेत; डॉक्टरांना दाखवावे.

मूल हवे असेल तर लवकर कळण्याचा मोठा लाभ आहे. बाळाच्या मेंदू आणि मज्जारज्जूची नळी गर्भधारणेपासून सुमारे २८ दिवसांत बंद होते, म्हणजे पाळी चुकल्यावर जेमतेम दोन आठवड्यांत. ती नीट बंद व्हावी म्हणून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड लागते, आणि ते खरे तर दिवस राहण्याच्या आधीपासूनच घ्यायला हवे. फिट्स, रक्तदाब, रक्त पातळ करणे किंवा मुरुमे यांची औषधे चालू असतील तर दोन रेघा दिसताच डॉक्टरांना सांगावे. फिट्सच्या गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

उन्हाळा आणि पट्टी

सोने शेकडो वर्षे टिकते, पण त्यावरची प्रतिपिंडे प्रथिनेच आहेत. अंडे उकडले की पांढरे होते आणि पुन्हा पातळ होत नाही. तसे जास्त उष्णतेत प्रतिपिंडांचे हात हळूहळू वाकडे होतात. ओलावा लागला तर वाळवलेले सोने आधीच भिजते आणि गठ्ठे धरते. बहुतेक वेष्टणांवर ३० अंशांपर्यंत ठेवावे असे लिहिलेले असते, काहींवर ४०. विदर्भ-मराठवाड्यात मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किती तापते हे वेगळे सांगायला नको.

इथे ‘सी’ च्या रेघेबद्दल एक गैरसमज आहे. ‘सी’ आली म्हणजे पट्टी शंभर टक्के चांगली, असे समजले जाते. ‘सी’ एवढेच सांगते की पाणी शेवटपर्यंत वाहिले आणि सोने पुढे सरकले. ‘टी’ वरची प्रतिपिंडे उष्णतेने निकामी झाली असतील तरी ‘सी’ ऐटीत उमटेल.

हे केवळ गर्भचाचणीपुरते नाही. हिवतापाच्या पट्टीतही सोने असेच धावते. गडचिरोलीच्या जंगलातल्या गावांत, जिथे सूक्ष्मदर्शकाची सोय दूर असते, तिथे आशाताई बोटाच्या रक्ताच्या थेंबावर हीच तपासणी करतात, आणि वेळेवर उपचार मिळणे न मिळणे तिच्यावर अवलंबून असते. मेंदूच्या हिवतापाचा जंतू जे प्रथिन सोडतो ते औषधाने जंतू मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहते. म्हणून बरे झाल्यावरही पट्टी ‘आहे’ दाखवते आणि रोगी औषध लागू पडले नाही असे समजतो. अशा वेळी काचपट्टीवर रक्त घेऊन तपासावे. २०२१ साली पुण्याच्या मायलॅब कंपनीच्या घरी करायच्या कोविड पट्टीला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मान्यता दिली, तेव्हापासून तर पट्टी वापरलेली नाही असे घर विरळाच. तीही याच तत्त्वावर चालणारी.

तेव्हा पट्टी घेताना मुदत पाहावी आणि चांदीसारखे पाकीट कुठे फाटलेले नाही ना ते पाहावे. दुकानदाराने खोके उन्हाच्या कपाटात रचलेले दिसले तर दुसरे दुकान गाठावे. घरी ती देवघराशेजारच्या कोनाड्यात किंवा कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावी. गॅसजवळ, न्हाणीघरात, गाडीच्या डिकीत नको. फ्रीजमध्ये ठेवायची गरज नाही. ठेवलीच असेल, बर्फाच्या कप्प्यात तर मुळीच नको, तर पाकीट न फोडता अर्धा तास बाहेर ठेवावे, नाहीतर गार पट्टीवर हवेतले पाणी धरते. पाकीट चाचणीच्या वेळीच फोडावे. आत ओलावा शोषणारी बारीक खड्यांची पुडी असते. ती खाण्याची नाही, लहान मुलांच्या हाती लागण्याआधी टाकून द्यावी.